साहेबांचे ओठ

टेबलावरचा तो दिवा राहू द्या. डबिंगच्या खोलीत एवढाच उजेड असतो, हातातला कागद दिसला म्हणजे झालं. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत काळोख, जाड पडदे आणि जुन्या गालिच्याचा कुबट वास. त्या दिवशी दुपारचे दोन वाजले होते. एका सिनेमाचा शेवटचा प्रसंग उरला होता, त्यातली पाच वाक्यं. तासाभराचं काम, असं बायकोला सांगून निघालो होतो.

सिनेमा साहेबांचा. नाव घेत नाही, चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर आलाच असेल. गर्दीत हात वर करून ओरडणाऱ्यांपासून सुरुवात, मग वीस वर्षं नायक, मग टीव्हीवर घराघरातले वडील. ज्या आवाजासाठी लोक जीव टाकायचे, तो मात्र बारा वर्षांपूर्वीच गेला होता. घशाचं ऑपरेशन झालं आणि मागे उरली नुसती घरघर. त्यानंतर तुम्ही जे ऐकलंत तो मी. सिनेमात मी, मालिकेत मी. ते भर सेटवर ओठ हलवायचे आणि बोलायचो मी, मागाहून, या काळोखात.

मीही नट व्हायलाच आलो होतो. तीन सिनेमांत ड्रायव्हर झालो, त्यातल्या एकात तर नुसती मान दिसते. साहेबांनी कुठेतरी मी केलेली त्यांची नक्कल ऐकली आणि मला बोलावून घेतलं. अट एकच, माझं नाव कुठेही येणार नाही. पोटासाठी कबूल केलं. त्या दिवसापासून ते मला पोपट म्हणायचे, आणि साऱ्या जगात ते एकटेच म्हणायचे. राग यायचा, गिळायचो.

मी बोलत असताना ते मागच्या खुर्चीत बसत, तोंडात पुदिन्याची गोळी. वाक्य मनासारखं झालं नाही की खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक. म्हणजे परत. बारा वर्षांत एकदाही 'बरं झालं' असं म्हणाले नाहीत.

हा सिनेमा पुरता डब व्हायच्या आत साहेब गेले. निर्माती त्यांची मुलगी. ती म्हणाली होती, "काका, बाबांचं शेवटचं वाक्य संपलं की लगेच तुमचं नाव टाकते." पण सिनेमा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. पाच वाक्यं जमली नाहीत तर त्या प्रसंगावर संगीत चढवायचं आणि नाव विसरायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पडद्यावर साहेब खिडकीशी बसले होते, अगदी जवळून घेतलेला चेहरा. आमच्या धंद्यात सगळी नजर ओठांवर. प, ब, म आला की ते मिटतात, आणि नेमके तेव्हाच आपलेही मिटायला हवेत. मी पहिलं वाक्य घेतलं. हेडफोनमध्ये, डाव्या कानामागे... टक टक.

काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला विचारलं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, उलट छान झालं म्हणाला. परत घेतलं. टक टक. मग पुदिन्याचा वास आला. मी मागे वळलो नाही. साहेबांची खुर्ची महिन्यापूर्वीच उचलून नेली होती, मागे बघण्यासारखं काही नव्हतं.

अकराव्या वेळी रेकॉर्डिस्टच हळूच म्हणाला, "दादा... यांचे ओठ हलत नाहीयेत."

खरंच नव्हते हलत. साहेब तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघत होते. आदल्या दिवशी हाच प्रसंग आम्ही तिघांनी, मी, रेकॉर्डिस्ट आणि मुलीने, पाहिला होता, तेव्हा ते पाचही वाक्यं बोलत होते.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टशेजारी बसलेली साहेबांची मुलगी उठून उभी राहिली. "राहू दे काका... संगीत टाकू."

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. माणूस मरतो आणि तरी माझं नाव अडवून बसतो म्हणजे काय?

रेकॉर्डिस्टला म्हटलं, चालू ठेव. मग पडद्याकडे बघून म्हणालो, "साहेब, ओठ तुमचे, पण आवाज माझा. तुम्ही खुशाल गप्प बसा. मी बोलणार."

आणि बोललो, मिटलेल्या तोंडावर. टकटक वाढत गेली, दोनाची चार झाली, मग कुणी दार बडवावं तशी. मी थांबलो नाही. तिसऱ्या वाक्याला त्यांचा खालचा ओठ थरथरला. चौथ्याला उघडला. पाचवं वाक्य ते माझ्या मागोमाग बोलले, अक्षराला अक्षर लावून. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझी नक्कल केली.

सिनेमा लागला. माझं नाव ठळक अक्षरांत आलं, बायकोने हात दाबला आणि मी लहान मुलासारखा रडलो. पण त्या पहिल्याच खेळात मला आणखी काहीतरी दिसलं होतं. शेवटचं वाक्य संपतं, तरी साहेबांचे ओठ थांबत नाहीत. आवाज नाही, लोकांना वाटतं म्हातारा पुटपुटतोय. ओठ दोनदा मिटतात. पो... पट. त्याच्यापुढेही शब्द आहेत. सात वेळा पाहिला सिनेमा, दर खेपेला ते बोलणं थोडं लांबतं.

साहेबांच्या मुलीचा फोन आला होता, बाबा शेवटी काय पुटपुटतात असं लोक विचारतात, तेवढं भरून द्या काका. मी साफ नाही म्हणालो. ते काय म्हणतात हे मला कळतं, ते ओठ बारा वर्षं वाचलेत मी. पण तुम्हालाही सांगणार नाही. ते बाहेर पडायला आवाज लागतो, आणि आवाज माझा आहे.

काल सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं, तर माझे ओठ आपोआप मिटले, दोनदा. पुढचा शब्द सुरू व्हायच्या आत मी नळाचं पाणी तोंडात भरलं आणि ते तसंच धरून दाढी पुरी केली. पाण्याला पुदिन्याची चव होती.