पहिलीचा जबाब

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. काचबाई त्या दिवशी चढली ती मात्र एका कागदाची नक्कल आणायला. काम साधं होतं. नवऱ्याचं घर दोघांच्या नावावर करायचं होतं, आणि नोंदणी कचेरीने अट घातली होती की त्याच्या पहिल्या बायकोशी झालेल्या घटस्फोटाचा हुकूमनामा आणा, सही-शिक्क्यासकट. घरातली प्रत कधीच गहाळ झाली होती.

"तू कशाला हेलपाटा घालतेस? पुढच्या आठवड्यात मी रजा टाकतो," नवरा म्हणाला होता.

"तुमच्या रजेची वाट बघत बसले तर म्हातारी होईन. पत्र लिहून द्या, मी जाते."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे ना कुठे, कोणी ना कोणी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असायचंच. त्याने घाईघाईत पत्र लिहिलं, 'माझ्या पत्नीस हुकूमनाम्याची नक्कल द्यावी', आणि खाली सही ठोकली. मजकूर आणि सही यांच्यामध्ये दोन बोटं जागा मोकळी राहिली होती. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून काचबाईने त्या जागेत, थेट त्याच्यासारखं अक्षर काढून, एक ओळ वाढवली: 'तसेच संपूर्ण फाइल पाहू द्यावी.'

हुकूमनाम्याचं निमित्त होतं. तिला पहिलीला बघायचं होतं.

काचबाई हे नाव दुकानातल्या लोकांनी ठेवलेलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. पंधरा वर्षांत घासायच्या चाकाने तिच्या डाव्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखी चीर पाडून ठेवली होती. आणि एक सवय लागली होती. काच दिसली की तोंडाची वाफ सोडायची आणि डाव्या बाहीने पुसायची. मग ती चष्म्याची असो, खिडकीची असो, नाहीतर लोकांच्या घरातल्या आरशाची.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. नवरा सरळ माणूस, आवाज चढवणार नाही की ताट सरकवणार नाही. पण पहिलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तिला दोन शिव्या घातल्या असत्या तरी काचबाईच्या जिवाला थंडावा मिळाला असता. हा गप्प बसतो म्हणजे आत काहीतरी जपून ठेवतोय, असं तिने मनाशी धरलं. वरून नणंद तेल ओतायला तयारच.

"आधीची वहिनी फार हसरी होती हो," नणंद म्हणायची. "तुमचं आपलं बरं आहे, वहिनी. तुम्ही कामाच्या आहात."

त्यातून काचबाईला खोड लागली. सुटीच्या दुपारी घरात एकटी असली की ती पहिलीला शोधत फिरायची. बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांचं गोल अक्षर बघायची. कपाटाच्या तळच्या खणात एक राखाडी स्वेटर मागे राहिला होता, तो काढून नाकाशी धरायची. घटस्फोटाला अकरा वर्षं झालेली, वास कुठला राहायला! पण तिला यायचा. आणि आला की पोटात कळ उठायची, जळता निखारा गिळल्यासारखी.

"असं काय होतं गं तुझ्यात?" ती रिकाम्या खोलीत मोठ्याने विचारायची.

कोर्टात नक्कल विभागाच्या खिडकीने तिला तळघरात पाठवलं. तिथे एका टेबलामागे रेकॉर्ड सांभाळणारे म्हातारे गृहस्थ बसले होते.

"केस नंबर?"

"माहीत नाही, काका."

"मग साल सांगा. आणि दोघांची नावं."

तिने सांगितली. पहिलीचं नाव उच्चारताना जीभ जड झाली. काकांनी त्या सालचं जाडजूड रजिस्टर ओढलं, बोट फिरवत नंबर शोधला. मग पत्र घेतलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. काचबाईला वाटलं, वाढवलेली ओळ पकडली गेली. पण काका डोळे किलकिले करत होते ते चष्म्यावरच्या डागांमुळे. तिला राहवेना.

"द्या इकडे." तिने चष्मा घेतला, वाफ सोडली, बाहीने पुसला आणि परत दिला.

"अरे वा!" काका म्हणाले. "आज रजिस्टरातले मुडदे उठून दिसायला लागले." मग जरा थांबून म्हणाले, "बाई, हुकूमनामा घेऊन जा. फाइल कशाला उकरता? इथले कागद म्हणजे लोकांच्या उघड्या जखमा."

"पत्रात लिहिलंय ना?"

"लिहिलंय खरं." त्यांनी पाहणीच्या वहीत तिची सही घेतली, रॅकमधून फाइल आणली आणि आतल्या टेबलावर ठेवली. "इथला दिवा हालचालीवर चालतो. मधूनमधून हात हलवा, नाहीतर अंधारात बसाल. मी वर दोन घास खाऊन येतो."

ते गेले. तळघर एकदम मोठं झालं. ओल्या पुठ्ठ्याचा, डिंकाचा, गंजलेल्या टाचण्यांचा वास. भिंतीतल्या नळात पाणी थांबून थांबून घोटल्यासारखं वाजत होतं. बाहेर भर दुपार होती, पण इथे तिचा पत्ता नव्हता.

पहिली पानं कोरडी होती. अर्ज, नोटीस, तारखा. काचबाईने अधाशासारखी उलटली. भांडण कुठे? आरोप कुठे? दोघांपैकी कोणीच कोणाबद्दल वाईट लिहिलं नव्हतं. तेवढ्यात दिवा गेला. तिने दचकून हात हलवला. दिवा लागला, आणि समोर पहिलीचा जबाब होता.

'मी शपथेवर सांगते, की माझ्या पतीने मला कधी त्रास दिला नाही. पण घरात आणखी एक बाई असते. ती दुपारी येते.'

काचबाई खुर्चीत पुढे सरकली. म्हणजे होती तर कोणीतरी! नवऱ्याचं बाहेर लफडं होतं तर. तिच्या जुन्या मत्सराला नवं खाद्य मिळालं.

'प्रश्न: ही बाई पतीच्या ओळखीची आहे काय?

उत्तर: नाही. अजून नाही.

प्रश्न: ती काय करते?

उत्तर: माझं कपाट उघडते. माझा राखाडी स्वेटर नाकाशी धरते. मला विचारते, असं काय होतं गं तुझ्यात. मी समोर उभी असते, पण मी तिला दिसत नाही. जाताना आरशावर वाफ सोडते आणि डाव्या बाहीने पुसते. तिच्या डाव्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखी चीर आहे.'

काचबाईने ते पुन्हा वाचलं. मग अंगठा मुठीत लपवला, जणू कोणी बघत होतं. जबाबाखालची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. त्या वर्षी तिने नवऱ्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्या घराची गल्लीसुद्धा तिला ठाऊक नव्हती.

'ती माझ्यावर जळते,' पहिलीने पुढे सांगितलं होतं. 'इतकं जळते की खोलीत धग लागते. मी काय केलंय ते मला कळत नाही. मी आजारी पडले. हे घर तिचंच असेल तर तिने घ्यावं. मला जाऊ द्या.'

आणि खरं सांगायचं तर काचबाईला आधी हसू आलं. एक घाणेरडं, गोड हसू. पाच वर्षं मी जिच्या नावाने जळतेय, ती माझ्यापुढे हात टेकून निघून गेली!

मग ते हसू ओठांवरच गोठलं. आपण किती वेळ दगडासारख्या बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. बोटसुद्धा हललं नव्हतं. आणि दिवा चालूच होता.

"काका...?"

नळातलं पाणी थांबलं. काचबाईने श्वास रोखला. शंभरपर्यंत मोजलं, मग पुन्हा शंभरपर्यंत. दिवा गेला नाही. त्या खोलीत तिच्याखेरीज कोणीतरी हलत होतं... रॅकच्या मागे नाही, दारात नाही. खूप जवळ.

तिने शेवटचं पान कसंबसं उलटलं. नवऱ्याचा जबाब चारच ओळींचा होता. 'पत्नी खोटं बोलत नाही. मीही त्या बाईला एकदा पाहिलं आहे.'

संध्याकाळी नवरा हातपाय धुऊन बसला. काचबाईने हुकूमनाम्याची नक्कल त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मी सगळी फाइल वाचली. पत्रात ओळ मीच घातली."

तो चिडला नाही. त्याने नक्कल घडी करून बाजूला ठेवली.

"लग्नाआधी दुकानात एका चष्म्यासाठी चार खेपा घातल्यात," ती म्हणाली. "मला वाटायचं, बिचाऱ्याचा नंबर चुकतोय. तुम्ही माझा अंगठा बघत होतात ना?"

"हो."

"म्हणजे माझ्यासाठी नाही आलात. तिच्यासाठी आलात. त्या... कपाटापाशी उभी राहायची तिच्यासाठी."

"अगं, ती तूच ना!"

"मी कशी? मी तर तेव्हा नव्हते!" काचबाईचा आवाज चिरकला. स्वतःचीच सवत व्हायची वेळ जगात तिच्यावरच आली असेल. "कशी होती दिसायला? माझ्याहून चांगली होती?"

"आधी घाबरलो होतो," तो हळूच म्हणाला. "पण माझ्या घरात कोणी इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते डोक्यातून जाईना. मग दुकानात तू दिसलीस. वाटलं, हिला सुखात ठेवू, म्हणजे ही तशी रडणार नाही."

काचबाई त्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत याच्याइतकं कोणी तिच्याशी चांगलं बोललं नव्हतं. तिने त्याचा हात धरला. क्षणभर सगळं निवल्यासारखं झालं.

"आता नाही हो जळणार," ती म्हणाली. "स्वेटर उद्या देऊन टाकते कोणाला तरी."

नवऱ्याने हात हळूच सोडवून घेतला.

"काय झालं?"

"मी पाहिली तेव्हा स्वेटर नव्हता तिच्या हातात," तो म्हणाला. "आणि... तिचे केस पांढरे होते. सगळेच. अंगठा हाच, सवय हीच. पण म्हातारी होती."

"मग हातात काय होतं?"

"रेनकोट. पिवळा, बायकांचा. तो तोंडाशी धरून रडत होती. तिच्या तोंडून माझं नाव येत होतं, आणि दुसरं एक. कोणा बाईचं. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं."

"आपल्याकडे पिवळा रेनकोट कुठाय?"

"नाही. कधीच नव्हता."

नवऱ्याने उठून दिवा मालवला.

सकाळी नवरा कामावर गेला. काचबाईने ठरल्याप्रमाणे स्वेटर पिशवीत भरला, केस विंचरले, आणि निघताना दारामागच्या खुंटीकडे तिचं लक्ष गेलं. बाहेर लख्ख ऊन होतं, महिनाभरात आभाळात ढग फिरकला नव्हता. खुंटीवर काहीही नव्हतं. तिच्या खाली फरशीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि वरून, ओला रेनकोट टांगलेला असावा तसा, मोकळ्या हवेतून एकेक थेंब त्यात पडत होता.

तिने ओणवं होऊन त्या पाण्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. कुठल्याशा अत्तराचा मंद वास होता. तरुण, महागडा, या घरात कधी न आलेला.

आणि भीती वाटायच्याही आधी काचबाईच्या पोटात तीच जुनी कळ उठली.