सुभेदाराचा पट्टा

आवाज माझ्या कानात जात नाही, दातांत जातो. लहानपणापासून हे असंच. कुणी परात आपटली, कुणी मागून हाक मारली, की कळ येते आणि हातातलं खाली पडतं. आई म्हणायची, "लाडाचे कान आहेत हिचे." लाडाचे! दोन स्थळं मला बघायला आली. दोन्ही वेळा बाहेर कुत्रं भुंकलं, आणि दोन्ही वेळा पोह्यांची बशी पाहुण्यांच्या मांडीवर गेली. भिंगारभर झालं, रंगनाथ शिंप्याची गोजर भेदरट आहे.

ते कुत्रं समोरच्या आक्काबाईंचं. नाव सुभेदार. त्यांचा थोरला सहादेव पलटणीत साधा शिपाई, पण कुत्र्याला हुद्दा देऊन ठेवलेला मोठा. डिसेंबरच्या लढाईत सहादेव बेपत्ता झाला, तार आली, सगळी आळी जाऊन बसून आली. मीही गेले होते. पण त्यानंतर सुभेदार दिवसातून आठ-दहा वेळा घसा फुटेस्तोवर का भुंकतो, हे मात्र मी कुणाला विचारलं नाही. मार्चमध्ये सरळ कॅन्टोन्मेंटच्या कचेरीत अर्ज देऊन आले. परवान्याचा बिल्ला नसलेलं कुत्रं आहे, रहिवाशांना उपद्रव होतो, बंदोबस्त व्हावा. खाली सही ठोकली आणि त्या रात्री गाढ झोपले.

एप्रिलातली दुपार होती. कानात कापूस घालून मी मशीन चालवत होते. मान वर केली तर पुढ्यात एक माणूस — अंगाला ताज्या पावाचा वास, पापण्यांवर मैदा, हातात खाकी पट्टा.

"कवाधरनं हाका मारतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, बहिऱ्या हायेत का काय."

"बहिरी असते तर देवाला नारळ वाढवला असता!"

तो हसला. पण हळू... जसं काही जपून.

"ह्याला आखूड करून द्या. अन् बिल्ला अडकवायला एक कडी लावा."

"अहो, हा माणसाचा पट्टा आहे."

"माणसाचाच हुता. सहादेवचा. आता सुभेदाराला करायचाय."

हा आक्काबाईंचा धाकटा, सूर्यभान. मिलिटरीच्या पावभट्टीवर पहाटे जायचा, दहाला घरी. त्यानं पितळी बिल्ला माझ्यापुढं ठेवला. म्हणजे माझा अर्ज पाण्यात! मी चिडले.

"तुमचं कुत्रं मला सहन होत नाही."

"मग ह्या मशीनचा खडखडाट कसा सहन होतो?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "तो... माझ्या पायाखाली असतो," मी म्हटलं. "कधी सुरू होणार, मला ठाऊक असतं."

"असं व्हय," तो म्हणाला, आणि पट्टा ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या ओट्यावर उभा राहिला आणि माझ्याकडं बघून हात वर केला. काय हा आगाऊपणा! तेवढ्यात कोपऱ्यावरून मिलिटरीचा ट्रक वळला आणि सुभेदार भुंकला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सुभेदार फक्त ट्रकवर भुंकायचा. ट्रकमधून सहादेव उतरेल म्हणून. आणि सूर्यभानच्या ओट्यावरून ट्रक आधी दिसायचा.

पुढच्या वेळी हात वर झाला तशी मी कानांवर तळवे दाबले. भुंकणं आलं, पण दातांत गेलं नाही.

मग रोजचं झालं. तो घरी असला की हात वर, माझी नजर त्याच्यावर. काय सांगू, मी ट्रकची वाट बघायला लागले!

"हात दुखत नाही का तुमचा?" मी एकदा विचारलं.

"दुखतो की. लगीन झाल्यावर बरं हुईल. जवळच असल्यावर नुसतं कोपरानं ढोसायचं."

"कुणाचं लग्न?"

"सुभेदाराचं," तो म्हणाला, आणि माझ्या मशीनची सुई मोडली.

एकच राहिलं होतं. सुभेदार धावला की मीच लावून दिलेल्या कडीतला बिल्ला बकलावर आपटायचा — किण किण किण. मे महिन्याच्या शेवटी मी आपली थट्टेत म्हणाले, "तुमच्या सुभेदाराची पदकं फार वाजतात हो." त्या संध्याकाळपासून किणकिण बंद. मी खुशीत आले. सुभेदाराचा गळा मोकळा दिसत होता, तरी माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. अर्ज तर मी कधीच विसरले होते.

चौथ्या दिवशी सकाळी कुत्री धरणारी गाडी आली. सूर्यभान भट्टीवर. सुभेदार एकदाच ओरडला, आणि त्या वेळी हात वर करणारं कुणी नव्हतं. दाराशी धावले, तर आक्काबाई पट्टा हातात धरून गाडीमागं पळत होत्या. "अवो दादा, बिल्ला हाय! ह्यो बघा, बिल्ला हाय!" गाडी थांबली नाही. सूर्यभान कचेरीत पोचला तोवर सगळं संपलं होतं.

दुपारी ट्रक आला. कुणी भुंकलं नाही. म्हणून आक्काबाई स्वतः उठून दारात आल्या आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सूर्यभान आला. धीर सुटायच्या आत मी म्हणाले, "अर्ज मी केला होता."

"ठाऊक हाय."

"काय?"

"कारकुनानं दाखवला हुता. पट्टा घिऊन आलो त्या दिशी भांडायलाच आल्तो. पर तुमी कानात कापूस घालून, दात आवळून बसल्या हुत्या... राह्यलं भांडान."

"आणि आक्काबाईंना?"

"पट्टा घालायचा मी इसारलो, असं सांगितलंय."

"माझ्यासाठी काढलात तुम्ही तो."

"ते तिला कळू द्यायचं न्हाई. अर्जाचं बी न्हाई. कळलं तर ती तुला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई, अन् मला तू पायजेस, गोजर."

पहिल्यांदा 'तू' म्हणाला. दोन महिने मी ह्याच शब्दासाठी झुरत होते. गप्प बसले असते तर सगळं माझं होतं. पण आईनं मुलाला विसरभोळा म्हणून शिव्या घालायच्या, आणि मी त्या घरात हळद लावून जायचं... नाही जमलं. मी उठले आणि रस्ता ओलांडला. तो मागून "गोजर, नगं" म्हणत राहिला.

आक्काबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, मांडीवर पट्टा. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अर्ज, सही, किणकिण, सगळं.

त्यांनी पट्ट्याचं बकल लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाल्या, "आता झोप लागती का गं तुला?"

"नाही."

"मला बी न्हाई." त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला. "सूर्याचा जीव हाय तुझ्यावर. मी आड यायची न्हाई. एक गेला, आता दुसरा कशाला घालवू? पर माझ्याकडनं सबुदाची आशा धरू नगंस."

दिवाळीनंतर लग्न झालं. वाजंत्री लावली नाही. माझ्या कानांसाठी, सूर्यभान म्हणाला. सहादेवसाठी, लोक म्हणाले.

घरात फार शांत असतं. आक्काबाई माझ्या ताटात भाकरी वाढतात, मी आजारी पडले तर काढा करून उशाशी ठेवतात. बोलत नाहीत. वर्ष होत आलं. मला शांतताच हवी होती ना? मिळाली. रस्त्यानं ट्रक गेला की सूर्यभानचा हात अजून सवयीनं वर येतो आणि तसाच खाली जातो. मग मी तो हात हातात घेते.

पट्टा दारामागच्या खिळ्याला आहे. दार उघडलं की बिल्ला बकलावर आपटतो, आणि कळ दातांत जाते. "काढून ठिऊ का?" सूर्यभाननं दोनदा विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. आक्काबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं असणार.