गाडी गरम झाल्यावर

"उद्या भंगारवाला येतोय," आजीने जाहीर केलं, आणि तिघा मुलांच्या सुट्टीतल्या मोहिमेचे बारा वाजले.

आजोबांच्या मागे राहिलेल्या जुन्या मोटरसायकलचा गिअरबॉक्स रडायचा. तो का रडतो, हे शोधायचं होतं. नाही सापडलं, तर गाडी जाणार. आणि गाडी गेली की आजीची नात खार हिचे बाबा आणि काका यांना एका छपराखाली आणणारं काहीच उरणार नव्हतं. दोघा भावांनी बोलणं टाकलं होतं. कारण विचारलं की दोघंही म्हणत, "त्यालाच विचार." गाडीवर मात्र दोघं काम करत. सकाळी बाबा, संध्याकाळी काका. एकाने अर्धवट ठेवलेलं दुसरा पुरं करी. निरोप न्यायला खार होतीच. कुठेही सरसर चढते म्हणून तिला खार म्हणत. हल्ली ती बहुतेक निरोप घेऊन जिनेच चढत असे.

बाबांच्या मते बेअरिंग गेलं होतं, काकांच्या मते दाते झिजले होते. बेअरिंग बदललं, दातेही बदलले. आवाजाला हे कुणी कळवलं नसावं.

"पण सुरू केल्याबरोबर ती रडत नाही," शेजारचा रेडिओ म्हणाला. हा कधी बंद होत नसे, म्हणून रेडिओ. "तुझे बाबा एक किक मारतात, 'झालं' म्हणतात आणि हात धुतात. रडगाणं सुरू होतं ते नंतर."

मग दुपारी तिघांनी आजीची परवानगी काढून गाडी स्टँडवर घेतली. किकवर आळीपाळीने उड्या मारून सुरू केली, न्यूट्रलमध्ये ठेवली आणि वाट पाहिली. मोठ्या माणसांना हे कधीच जमलं नव्हतं. गाडी तापली आणि कण्हू लागली. खारीने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, मूठ कानाला लावली. काकांचा मुलगा भोपळा याने क्लच दाबला. आवाज गेला. सोडला, आला.

"म्हणजे इंजिन नाही. आवाज पेटीतच आहे," खार म्हणाली. "पण गरम झाल्यावरच का?"

"गरम झालं की लोखंड फुगतं," भोपळा म्हणाला. "शाळेत शिकवलंय. मला त्यात शून्य मिळालं, पण शिकवलंय."

आत कुणाला तरी जागा कमी पडत होती.

गाडी थंड झाल्यावर त्यांनी झाकण उघडलं. दोघांसाठीही सुट्या भागांचं ताट धरून उभं राहिल्यामुळे काय कुठे बसतं, हे खारीला पाठ होतं. शाफ्टच्या टोकाला एक पातळ वॉशर असायला हवा होता. तिने नखाने खरवडलं, तर तेलात चिकटलेल्या एकाचे दोन झाले. एक बाबांनी सकाळी घातला होता, कारण काका विसरणार याची त्यांना खात्री होती. दुसरा काकांनी संध्याकाळी घातला होता. कारण तेच. विचारायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात आणि दोघं भाऊ गाडीच्या दोन बाजूंना. खारीने दोन्ही वॉशर ठेवलेला तळहात पुढे केला.

"त्याला सांग, माझा बरोबर होता," बाबा म्हणाले.

"त्याला सांग, माझा राहू दे. त्याचा काढ," काका म्हणाले.

दोघांच्या मध्ये फक्त एक पेट्रोलची टाकी होती. खारीने मूठ मिटली, खुळखुळवली, हाताला लागला तो वॉशर शाफ्टवर बसवला आणि दुसरा भंगारवाल्याला दिला. बिचारा रिकाम्या हाताने कशाला जाईल?

गाडी तापली, चांगली तापली, पण रडली नाही. आजी म्हणाली, "तुमच्या आजोबांनासुद्धा हे सुचलं नसतं. गाडी राहू दे." बाबांनी खारीचा डावा खांदा थोपटला, काकांनी उजवा. दोन हात एकमेकांना लागणार नाहीत, याची दोघांनीही काळजी घेतली. आत आपलाच वॉशर आहे, याची दोघांनाही खात्री होती. खारीला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गाडी पुसली. संध्याकाळी काका आले.

"त्याला विचार, पुसलीय का," ते म्हणाले.

गाडी आरशासारखी लखलखत होती. खार जिना चढू लागली.