खुणेपुरतं

तालमीत ओत्ताविया त्रेंती नेहमी खुणेपुरतंच गायची. गळ्यावर पोट असलेल्या सगळ्याच गायिका तसं करतात. वरचे सूर खालच्या सप्तकात घ्यायचे, बाकीचं ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं आणि खरा आवाज प्रयोगासाठी राखून ठेवायचा. त्याबद्दल तिला कोणी नावं ठेवत नसे. राखून ठेवण्यासारखं आता फारसं उरलंच नव्हतं, हे मात्र फक्त तिला आणि तिचे पोशाख सांभाळणाऱ्या आर्जाला ठाऊक होतं. ऑपेराच्या शेवटच्या अंकातला तो सगळ्यात वरचा सूर, ‘दो’, गेले दोन हिवाळे तिच्या गळ्यातून निघालाच नव्हता.

उत्तर इटलीतल्या पो नदीच्या काठचं ते गाव नोव्हेंबरात भरदुपारीही धुक्यात बुडालेलं असायचं. थिएटर लहान, लाकडी सज्जांचं. भिंतीतले वाफेचे नळ खडखडत राहायचे आणि पडद्याला ओल्या लोकरीचा वास यायचा. मिलानमध्ये गाणारी बाई इथं कशी येऊन पडली, हे विचारण्याइतकं अडाणी तिथं कोणी नव्हतं. हा ऑपेरा पडला की पुढं शेजारपाजारच्या पोरींना स्वर घोटायला शिकवत बसायचं, एवढंच उरणार होतं.

एका तालमीत तिचा वेड्या राणीचा प्रवेश संपला आणि वाद्यवृंद चालवणाऱ्या माएस्त्रो गान्दोल्फींनी हातातली काठी खाली ठेवली.

“ओत्ताविया, जरा जपून. सगळं आजच उधळलंत तर रविवारी लोकांनी काय आमची तोंडं बघायची?”

“टोमणा मारायचा तर सरळ मारा, माएस्त्रो. मी खुणेपुरतं गातेय.”

ते हसले. वादकही हसले. पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, आणि तेच तिला खटकलं.

वरच्या सज्जात बाही शिवत बसलेली आर्जा डोळे पुसत खाली आली. “बाई, ‘दो’ आला की हो! गळा गेला म्हणणाऱ्या त्या मेल्या डॉक्टरांचं काय ऐकत बसलात एवढे दिवस?”

“अगं, मी तो खाली घेतला. अख्खं सप्तक खाली.”

“मला कान आहेत, बाई. तुमच्या पहिल्या राणीपासून ऐकतेय मी.”

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ओत्तावियानं आर्जाला समोर खुर्चीत बसवलं आणि स्वतः रंगमंचाच्या मध्यावर उभी राहिली. श्वाससुद्धा न घेता तिनं नुसते ओठ हलवले. तिला नळांची खडखड तेवढी ऐकू येत होती. मग डोक्यावरच्या झुंबराचे काचलोलक बारीक किणकिणायला लागले. आर्जाचा हात हळूहळू छातीशी गेला.

“काय ऐकलंस? कुठून आलं?”

“कुठून म्हणजे? तुमच्याकडूनच की.” आर्जा जराशी अडखळली. “फक्त... तुम्ही तोंड मिटलंत, त्यानंतरही थोडा वेळ चालू होतं.”

ओत्ताविया घाबरली, आणि घाबरली त्याहून जास्त संतापली. आयुष्यभर जे गायलं ते स्वतःच्या गळ्यानं. फाटला तर फाटला, पण रविवारी आपलाच आवाज लावायचा, असं तिनं ठरवलं.

रविवारी दुपारचा खेळ होता. पहिल्या अंकात तिनं छाती फोडून आवाज लावला. तो तिला स्वच्छ ऐकू आला, खरखरीत आणि थकलेला. वरच्या सज्जातून शिट्टी आली. तिकडं शिट्टीइतका मोठा अपमान नाही.

“आजीबाई, घरी जा! चुलीवरचं सूप करपतंय!”

शेवटच्या अंकाआधी विंगेत आर्जानं रिवाजाप्रमाणे तिचा हात धरून शुभेच्छा दिल्या. “लांडग्याच्या तोंडात जा, बाई!”

“मरो तो लांडगा,” ओत्ताविया म्हणाली.

आर्जा तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. “उत्तर द्या ना, बाई. उलट उत्तर दिलं नाही तर अपशकुन होतो.”

“दिलं की!”

“अहो, बोला ना!”

घंटा झाली.

राणीच्या पहिल्या ओळी तिनं जीव एकवटून म्हटल्या. पुन्हा शिट्टी आली. मग आणखी एक.

तिला लाज वाटली. इतकी, की मेलेलं बरं.

तिनं गाणं सोडून दिलं. नुसते ओठ हलवले.

कुठलाच सूर तिच्या कानावर येईना. समोर चेहरे तेवढे दिसत होते. वरच्या सज्जात एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. झुंबर किणकिणत होतं.

तिनं तोंड मिटलं.

कोणीच टाळी वाजवली नाही. सगळे तिच्याकडे बघत, श्वास रोखून ऐकत होते. अजून ऐकत होते.

मग अख्खं थिएटर उभं राहिलं.

प्रयोगानंतर तिच्या खोलीत फुलांचा ढीग पडला होता. आर्जा तिच्या केसांतल्या पिना काढत होती, आणि मध्येच हुंदका देऊन हसत होती.

“आर्जा, थोडं पाणी दे,” ओत्ताविया म्हणाली.

आर्जाचे हात थांबले. तिनं मान वळवून दाराकडे, रंगमंचाच्या दिशेनं बघितलं. तिचा चेहरा उजळला.

“आले, बाई, आले!”

तिनं घाईघाईनं पेला भरला, खुंटीवरची शाल घेतली. “अशा गारठ्यात एकट्या काय उभ्या राहिल्यात तिकडं,” असं पुटपुटत तिनं खुर्चीत बसलेल्या ओत्तावियाकडे वळूनही न बघता खोलीतला दिवा घालवला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.