माळावरची रास

बाबांना माळावर न्यायचं आईच्या मनात नव्हतं. पण तिला दाढ काढायला जायचं होतं आणि त्यांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर हातपाय सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. वाचेवर उपचार करणाऱ्या बाईही हल्ली "बघू या" एवढंच म्हणायच्या.

माझं काम जुनी दफनं उकरायचं. त्या पठारावर झाड नावाला नाही. कमरेएवढं पिवळं गवत, सतत वारा आणि मधोमध हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी रचलेली दगडांची रास. बाबांना कानटोपी घालून मी जवळच घडीच्या खुर्चीत बसवलं.

"काका, लक्ष ठेवा हं आमच्यावर. कामचुकार आहोत," आमचा मुकादम म्हणाला. बाबा हसले.

दुपारपर्यंत वरचे दगड उतरवून आम्ही मधल्या शिळेशी पोचलो. पहारीने ती हातभर सरकवली. आत हाडं नव्हती. कोरडी, मऊ माती होती, आणि कुणी कुशीवर झोपून नुकतंच उठावं तसा तिच्यात खळगा. मी हात घातला.

माती कोमट होती.

वारा पडला. गवत मात्र हलत होतं, राशीपासून बाबांच्या खुर्चीपर्यंत, एका रेषेत.

"झाकून टाक."

मी वळले. बाबा उभे होते.

"झाकून टाक, बाळा. तिथे आता कुणी नाही."

आवाज त्यांचाच होता, थोडा घोगरा. मला रडू आवरेना.

"मॅडम, एवढ्या मेहनतीनं उघडलंय," मुकादम पुटपुटला.

"झाकायचं," मी म्हणाले.

उतरताना बाबा गाडीत म्हणाले, "गिअर बदल, केवढी रडवतेस तिला." घरी आई दारात उभी होती, गाल सुजलेला. "निघाली का दाढ?" त्यांनी विचारलं, आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

महिना झाला. बाबा दिवसभर बोलतात, भाजीवाल्याशी हुज्जतसुद्धा घालतात. उपचारांच्या बाई थक्क आहेत. आई तर पुन्हा गुणगुणायला लागली आहे.

काल फोन केला तेव्हा घरी ती दोघंच होती; मागे बाबांचा आवाज येत होता. मग तो थांबला. बराच वेळ शांतता.

"आई, बाबांना दे ना."

"देते गं," ती हळू आवाजात म्हणाली. "थांब जरा. हे ऐकतायत. त्याचं बोलून होऊ दे."