सोमवारचं पान

“आत्या, मी एकच पट्टी लावली होती. एकच!”

सिस्टर दारातूनच ओरडली. अंगात कामाचा पांढरा डगला होता; काम मात्र गेले दहा दिवस नव्हतं.

मास्तरांनी दचकून वर्तमानपत्र खाली ठेवलं. निवृत्तीनंतर ते आत्याबाईंसोबत तपासाला हिंडत. जन्मभर भूगोल शिकवला, पण आत्याबाई म्हणत, की जगाचा नकाशा पाठ असलेल्या या माणसाला समोरचं दार सापडत नाही.

“बस. पाणी पी. मग ओरड,” आत्याबाई म्हणाल्या.

सिस्टर ओरडली नाही, सांगू लागली. लॉन्ड्रीवाल्याच्या म्हाताऱ्या आईला हाडांचा कर्करोग होता. दुखणं सोसवेना म्हणून डॉक्टरांनी पाठीवर चिकटवायची औषधाची पट्टी दिली. तीन दिवस कातडीतून थोडं थोडं औषध अंगात उतरतं, मग जुनी काढून नवी लावायची. सिस्टर सकाळी आठला जायची, रात्री आठला परतायची. बुधवारी सकाळी गेली, तर आजींचा श्वास मिनिटाला चार. तिने पट्टी ओढून काढली, डॉक्टरांना बोलावलं. उशीर झाला होता.

“रक्ताच्या तपासणीत औषध दुपटीहून जास्त निघालं. मुलगा म्हणतो, मी जुनी पट्टी न काढता वर दुसरी चिकटवली. आज चारला चौकशी समिती बसणार आहे. परवाना गेला, की वीस वर्षं पाण्यात.”

“अंगाला हात लावलास तेव्हा कसं वाटलं?”

“पाठ तव्यासारखी तापलेली. कपाळ मात्र गार, पाय तर बर्फ. असला ताप मी कधी पाहिला नाही, आत्या.”

“आणि तुझी वही?”

“त्यांच्याकडेच. रोजचं रोज लिहून मुलाची सही घ्यायचे. मागितली, तर हाकलून दिलं.”

आत्याबाईंनी चप्पल पायात सरकवली. रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. आता तो पार तळाला गेला होता. “मास्तर, उठा. सिस्टर, तूही चल.”

लॉन्ड्रीत पांढऱ्या चादरींचे डोंगर छताला टेकले होते. मालक त्यांच्या आडून आला, सिस्टरकडे बघून थबकला.

“हिला कशाला आणलंत?”

“ती बाहेर थांबेल. तुमची हरकत नसेल तर चार प्रश्न.” आत्याबाईंनी एका चादरीवरचा तेलकट डाग बोटाने दाखवला. “हा निघतो हो? माझी एक चादर अशीच वाया गेली.”

धंद्याचं निघताच माणूस खुलला. “गार पाण्यात महिनाभर ठेवा, हलणार नाही. वाफ द्या, पाच मिनिटांत सुटतो. सगळी ऊबेची करामत!”

“कामं फार दिसतात.”

“हॉटेलचं काम मिळालंय. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून पहाटे चारलाच बॉयलर पेटवतो.”

तेवढ्यात एका पोऱ्याने पावती पुढे केली. मालकाने तिच्याकडे न बघताच सही ठोकली.

पट्ट्यांचा डबा त्याने आपणहून आणला. पाचचा डबा, तीन शिल्लक, चौथी वापरून दुमडलेली, पाचवी सिस्टरने ओढून काढलेली.

“हिशेब तर चोख आहे,” मास्तर पुटपुटले. “मग दुसरी आली कुठून?”

“बाहेरून आणली असेल!” मालक म्हणाला.

वही मात्र त्याने कुरकुरत दिली. शिवलेली, शाळेची असते तशी. शुक्रवार, शनिवार, रविवार, मग थेट मंगळवार. आत्याबाई चाळत असताना मागच्या कोऱ्या पानांतलं एक पान सुटून खाली पडलं. मास्तरांनी ते उचलून परत आत खुपसलं. “वहीसुद्धा खिळखिळी!”

लॉन्ड्रीला लागूनच घर होतं. आजींची सून आतल्या खोलीत होती. डोळे सुजलेले, जीभ धारदार.

“सिस्टर म्हणे! दगड आहे दगड. सासूबाई थंडीनं कुडकुडत होत्या, मी गरम पाण्याची पिशवी पाठीला लावायला गेले, तर हिनं माझ्या हातातून हिसकावली. म्हणून मंगळवारी ही घरी गेल्यावर आम्हीच त्यांना बाहेरच्या खोलीतून इथं हलवलं. तिथं चादरींना जागाही हवी होती. इथं त्या पहिल्यांदा शांत झोपल्या हो.”

मास्तर पलंगावर टेकले, भिंतीला पाठ लावली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. “अहाहा! माझी कंबर आठवडाभर धरली होती. आत्याबाई, खोली असावी तर अशी.”

आत्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “मास्तर, आज पहिल्यांदा तुम्हाला दार सापडलं. उठू नका.”

मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. सिस्टर दारातच उभी राहिली.

“मालक, या भिंतीपलीकडे काय आहे?”

“बॉयलर.” त्याचा चेहरा उतरू लागला.

“दुसरी पट्टी कधी नव्हतीच. एका पट्टीत तीन दिवसांचं औषध असतं. कातडी ते थेंबाथेंबानं आत घेते, म्हणून माणूस जगतो. कातडी तापवली, की तिच्याखालचं रक्त जोरात धावतं, पट्टीही औषध भराभर सोडते. तुम्हीच सांगितलंत मघाशी, गार असताना महिनाभर न हलणारं ऊब मिळताच सुटतं. बुधवारी पहाटे चारपासून आठपर्यंत आजींची पाठ, त्या पट्टीसकट, या भिंतीला टेकलेली होती. म्हणून पाठ तापलेली आणि कपाळ गार. हा ताप नव्हता. हा तुमचा बॉयलर होता.”

सुनेने तोंडावर हात घेतला. “म्हणून पिशवी...”

“म्हणून,” सिस्टर हळूच म्हणाली. “मी सांगत होते, वहिनी. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस. आणि या भिंतीमागं काय आहे ते मला कुठं ठाऊक होतं?”

“मी आईला मारलं नाही!” मालक किंचाळला. “थंडी वाजत होती तिला! ऊब मिळावी म्हणून हलवली!”

“ठाऊक आहे मला,” आत्याबाई म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचा आवाज मऊ झाला. “त्यासाठी तुम्हाला कुणी फासावर देणार नाही. पण सोमवारचं पान कुठं आहे?”

“कसलं पान?”

“शिवलेल्या वहीत पुढचं पान फाडलं, की मागचं त्याचं जोडपान सुटतं. मास्तरांनी मघाशी उचललं, ते. सोमवारी नवी पट्टी लागली. काय लिहिलं होतंस, सिस्टर?”

“पट्टीला शेक नको, गरम पाणी नको, ऊन नको. जास्त औषध एकदम अंगात जाईल, जिवाला धोका आहे.” तिचा आवाज फुटला. “खाली यांची सही होती.”

मालक खाली बसला. भिंतीपलीकडे बॉयलर घुमत होता.

“मी वाचलंच नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. “पावत्यांसारखी सही केली. आई गेल्यावर वही उघडली, तेव्हा पहिल्यांदा वाचलं. मला काही सुचेना.”

“सुचलं की!” आत्याबाई कडाडल्या. मास्तरांनी इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. “पान फाडायचं सुचलं. आठवड्याचे सातही दिवस तुमच्या आईचं गू-मूत काढणाऱ्या बाईच्या गळ्यात तिचं मरण बांधायचं सुचलं! पलंग हलवलात, ती मायेची चूक. पण पान शांत डोक्यानं फाडलंत.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं नाही. कोनाड्यातलं पेन उचललं, वही उघडली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मालकाने लिहायला घेतलं: बॉयलर, भिंत, पलंग, पान. शेवटच्या ओळीखाली सवयीने पेन सहीच्या जागी गेलं.

सिस्टरने त्याचं मनगट धरलं.

“आधी वाचा, दादा,” ती म्हणाली. “मोठ्यानं.”