सान्ता उर्सुलाची एक दिवसाची सहल

मनिलातल्या कुबाओच्या पेट्रोलपंपावरून व्हॅन सुटली तेव्हा अजून उजाडायचं होतं. अनोळखी माणसांनी मिळून भाडं वाटून घ्यायचं आणि प्रांतातलं एखादं गाव एका दिवसात उरकून मनिलाला परतायचं, अशातली ती सहल. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, पायांत कुणाचा तरी बर्फाचा डबा आणि एसीचा झोत फक्त ड्रायव्हरच्या मानेवर.

आदेल्फानं मांडीवर केळीच्या पानातला भात आणि अदोबोची आंबटखारी कोंबडी धरून ठेवली होती. खिडकीशी तिची लेक लिझेल कानात गाणी घालून बसली होती.

"दोन घास खातेस?"

"पॅकेजमध्ये जेवण आहे, मम्मी."

"ते दुपारी. आत्ता भूक नाही लागली?"

"नाही."

लेक तीन वर्षांची असताना आदेल्फा कुवेतला घरकामाला गेली होती. परक्यांची पोरं न्हाऊमाखू घालून मोठी केली. तिची स्वतःची पोर आजीकडे वाढली आणि आजी गेल्यावर आत्याकडे. आता आदेल्फा कायमची परत आली होती. कॉल सेंटरात नोकरीला असलेल्या लिझेलच्या दोन खोल्यांत मायलेकी भाडेकरूंसारख्या राहत होत्या. एक झोपायची तेव्हा दुसरी उठायची. कुठंतरी दोघींनी मिळून जाऊ या, हा हट्ट आदेल्फाचाच. लिझेलनं फोनवर बोट फिरवून सगळ्यांत स्वस्त सहल निवडली. "सान्ता उर्सुला. कुठंही चाललं ना तुला?" आदेल्फाला चाललं. तिला तर सुपारीएवढं बेट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

सहलीचा वाटाड्या दोंदोन म्हणून एक गुबगुबीत माणूस होता. त्याचे विनोद इतके वापरलेले होते, की हसण्याची जागा तो स्वतःच मोकळी सोडायचा. "आता बघा छप्पर नसलेलं चर्च," तो म्हणाला. "इथं प्रार्थना थेट वर जाते, मध्ये काही अडत नाही." कोणी हसलं नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर एक म्हातारी सुमान विकत होती. चिकट भात, नारळाचं दूध, पानाची घट्ट गुंडाळी. लिझेल समोरून गेली तशी तिनं टोपलीच्या तळातून एक जुडी काढून तिच्या हातात ठेवली.

"आईला दे. जास्त गुळाचे आहेत, तिला लागतात तसे."

लिझेलनं जुडी घेतली. आदेल्फा हसत पुढं झाली. "आजी, माणूस चुकलात. आम्ही इथं पहिल्यांदाच येतोय. आणि हिची आई मी."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. मग लिझेलकडं पाहिलं आणि पदार्थांवरच्या माश्या वारू लागली.

"वय झालंय बिचारीचं," आदेल्फा म्हणाली. लिझेलनं तोवर एक सुमान सोलून अर्धा खाल्लाही होता. सकाळपासून तिला भूक नव्हती.

दुपारचं जेवण गावातल्या एका घरी होतं. लांब टेबलावर केळीची पानं अंथरलेली, त्यावर भाताची रास, तळलेले मासे, खारवलेली अंडी. घरधनीण पासिंगबाई वाढत फिरत होती. लिझेलपाशी आली तशी तिचा हात थांबला.

"खोकला गेला का गं आईचा?"

"हो, आता बरा आहे," लिझेल म्हणाली. "आल्याचा काढा घेते रोज."

घास आदेल्फाच्या हातातच राहिला. पासिंगबाई पुढं सरकली तेव्हा तिनं लेकीला हळूच विचारलं, "काय म्हणालीस तू तिला?"

"कुणाला?"

"मला कुठं खोकला आहे?"

लिझेलच्या कपाळावर आठी पडली. "काय माहीत. निघून गेलं तोंडातून." आणि ती मासा निवडू लागली. काटे काढून ती पानाच्या कडेला एका रांगेत ठेवत होती. आदेल्फा तसंच ठेवायची. स्वतःशिवाय आजवर तिनं हे कुणालाच करताना पाहिलं नव्हतं. आणि लेकीसोबत ती अशी कधी जेवली होती, की लेकीनं ते पाहावं?

 ती स्वतःशी म्हणाली, रक्ताचं आहे, दुसरं काय. हाताच्या सवयी रक्तातून येतात.

नदीवर बांबूचा तराफा होता. पाणी हिरवं, मध्ये काळे खडक. लिझेल पाण्याला भिते, हे आजी दर फोनवर सांगायची. अंघोळीच्या बादलीलासुद्धा रडायची पोरगी. आता तीच लिझेल चपला हातात घेऊन खडकांवरून निघाली. खाली न बघता. शेवाळाचा एक दगड आला तो तिनं टाळला आणि मागच्या बाईला म्हणाली, "त्यावर नका, हलतो तो." मग सरळ पाण्यात उतरून ती पलीकडच्या काठाला पोहत गेली. सवयीचे, लांब हात मारत.

ती ओली होऊन वर आली तेव्हा आदेल्फानं पंचा पुढं केला.

"तुला पोहता येतं?"

"मग?"

"कोणी शिकवलं?"

"आईनं."

लिझेल तिला मम्मी म्हणायची. आई कधीच म्हणाली नव्हती. आदेल्फा पंचा धरून उभी राहिली. तो कोणी घेतलाच नाही.

"लिझेल, चल, गाडीत बसू या. मला बरं नाही वाटत."

"तू बस. मी आलेच."

सहलीत पुढं धबधबा होता, पण ती त्या वाटेनं गेली नाही. डावीकडं फणसांच्या मागं एक पायवाट होती. बाकीची मंडळी फोटो काढण्यात गुंतली होती. आदेल्फा मागं गेली.

वाटेच्या टोकाला नीपा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं एक घर होतं. खांबांवर उभं, पुढं बांबूची शिडी. वळणीवर शाळेचा निळा स्कर्ट वाळत होता. लहान मुलीचा. त्याच्या खालच्या कडेला पांढुरक्या रेघा होत्या, दर वर्षी घडी उसवून लांबी वाढवली की राहतात तशा. आतून आल्याचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

लिझेलनं खिडकीतून हात घालून दाराची कडी काढली. न चाचपता.

"आई," तिनं हाक मारली.

"आलीस का गं? आणि ओली तशीच? ये, केस पुसते."

आदेल्फा शिडीपाशीच थांबली. फोनवर स्वतःचाच आवाज उलटा ऐकू येतो कधी, तसा तो होता. तिचाच. पण त्यात कुठली घाई नव्हती. फोनचं कार्ड संपायच्या आत सगळं बोलून घ्यायची धडपड नव्हती.

पडद्याआडून एक हात आला. करंगळी वाकडी. आदेल्फाची लहानपणापासून वाकडी होती तशी. पण त्या मनगटावर तिच्यासारखे इस्त्रीच्या चटक्यांचे डाग नव्हते.

हातानं लिझेलला आत घेतलं.

"लिझेल."

पडद्याच्या फटीतून लेकीनं वळून पाहिलं.

"कोण आहे गं बाहेर?" आतून आवाज आला.

"कोणी नाही, आई."

दार लागलं.

आदेल्फानं दार ठोठावलं नाही. ती घराच्या मागच्या बाजूला धावली, चुलीकडून शिरू म्हणून. मागं भिंतच नव्हती. छप्पर खचलेलं, तक्तपोशी कुजून खाली आलेली, त्यातून रानकेळी वर गेलेल्या. चुलीच्या जागी थंड माती, आणि तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. घराचं पुढचं दार मागून दिसत होतं. बंद होतं. दारात आणि तिच्यात केळीच्या पानांशिवाय काही नव्हतं.

आणि तरी कुणीतरी गुणगुणत होतं. कंगवा केसांतून खाली यावा तसा आवाज होत होता. सावकाश. पुन्हा पुन्हा.

ती पुढं आली.

वळणी रिकामी होती.

लिझेल शिडीखाली उभी होती. केस कोरडे, तेल लावून चोपलेले, घट्ट एकपेडी वेणी घातलेली. डोळे रडून हलके झालेल्या माणसासारखे.

"काय केलंस आत? कोण होतं?" आदेल्फानं तिचे दंड धरले. लिझेलनं ते हळूच, न रागावता सोडवून घेतले. दूर दोंदोन हॉर्न वाजवत होता.

परतीच्या वाटेवर खरेदीसाठी गाडी थांबली, तेव्हा आदेल्फा खाली उतरली नाही. लिझेलनं सुकवलेले मासे घेतले, गुळाची वडी घेतली, दोंदोनच्या विनोदाला ती चक्क हसली. परत आल्यापासूनच्या सहा महिन्यांत आदेल्फानं तिला हसताना पाहिलं नव्हतं. किती गोड हसत होती पोर. गालाला खळी पडत होती.

गाडी घाटाला लागली तशी सगळे पेंगू लागले. लिझेलची मान कलंडली आणि तिचं डोकं आदेल्फाच्या खांद्यावर आलं. तेलाचा वास. आदेल्फा श्वास रोखून बसली. हात हलला तर मोडेल सगळं, असं वाटून तिनं खांद्याला आलेली रगही सोसली. काय होतं ते असो, ती मनाशी म्हणाली. जे असेल त्यानं लेक तरी परत दिली.

मनिलाच्या बाहेर गाड्यांची रांग लागली. ब्रेकच्या धक्क्यानं लिझेल जागी झाली. ओशाळून सरळ बसली.

"माफ करा हं, मावशी. झोपेत तुमच्यावर रेलले."

आदेल्फानं आखडलेला खांदा चोळला.

"कुठं उतरणार तुम्ही?"

"साम्पालोकला," आदेल्फा म्हणाली. तिथंच दोघींच्या दोन खोल्या होत्या.

"अरे वा. लहानपणी आम्हीही तिथंच होतो." लिझेलनं पिशवीतली गुळाची वडी तोडून अर्धी तिच्या तळहातावर ठेवली. "आई परदेशी जायची होती, घरकामाला. बॅगसुद्धा भरली होती. मी फार रडले म्हणे. मग ती गेलीच नाही."